‘टेक’ : एका इंग्रजी क्रियापदाचें घेणेंदेणें

इंग्रजी शिकूं लागलेल्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षीं जीं क्रियापदें पाठ करावीं लागतात, त्यांत ‘टेक, टुक, टेकन’ हें एक असतें. त्याचा अर्थ ‘घेणें’ असा सांगितला जातो, आणि विद्यार्थी तेवढ्यावर समाधान मानून पुढच्या शब्दाकडे वळतो. वरच्या इयत्तांत गेल्यावर मात्र तोच शब्द त्यास जागोजाग अडवितो. मोठे, लांबलचक शब्द एकदां कोशांत पाहिले कीं कायमचे कळतात. हा चार अक्षरांचा लहानसा शब्द पाहावयास जावें, तर तो पानेंच्या पानें पसरलेला दिसतो, आणि विद्यार्थी निमूटपणें कोश मिटून ठेवितो. डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनीं १७५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोशांत या एका क्रियापदाचे १३४ अर्थ दिले असून त्यांस पांच पृष्ठें खर्चीं पडलीं आहेत. याहूनहि ऐसपैस क्रियापदें इंग्रजींत आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारें ४३० अर्थ सांपडतात. परंतु आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्या पाहतां ‘टेक’ हाच शब्द प्रथम हातीं घेणें आम्हांस इष्ट वाटतें.

हा शब्द मूळचा इंग्रजांच्या घरचा नव्हे. (मराठींत ‘टेक’ म्हणजे आधार किंवा हट्ट, त्याच्याशीं याचें कांहींएक नातें नाहीं.) प्राचीन इंग्रजींत घेणें या अर्थीं ‘निमन’ असें क्रियापद होतें, जर्मन भाषेंतील ‘नेमेन’ हें त्याचेंच भावंड. नवव्या शतकांत डेन्मार्क व नॉर्वे या बाजूंचे लोक इंग्लंडवर चालून आले आणि त्या देशाच्या उत्तर व पूर्व भागांत घरें करून राहिले. त्यांच्या बोलींतील ‘ताका’ हा शब्द शेजारधर्मानें इंग्रजींत शिरला व कांहीं शतकांत त्यानें घरच्या ‘निमन’ला हुसकून लावलें. आज त्या जुन्या शब्दाची खूण ‘नम’ म्हणजे बधिर, आणि ‘निंबल’ म्हणजे चपळ, अशा एकदोन शब्दांतच उरली आहे. थंडीनें बोटें ‘नम’ झालीं, म्हणजे मूळ अर्थानें थंडीनें तीं ‘घेतलीं’.

‘ताका’ याचा अर्थ हात लावणें, पकडणें. आमचें ‘घेणें’हि संस्कृत ‘ग्रह’ या धातूपासून आलें आहे, व त्याचाहि अर्थ पकडणें असाच आहे. विवाहास आपण पाणिग्रहण म्हणतों. इंग्रजींतहि वर वधूस ‘टेक’ करितो. एखादी गोष्ट सिद्ध न करितां मानून चालणें यास इंग्रजींत ‘टेक फॉर ग्रँटेड’ म्हणतात. आपण ‘गृहीत धरणें’ म्हणतों, आणि ‘गृहीत’ म्हणजे घेतलेलें. सारांश, दोन्हीं शब्दांच्या मुळाशीं एकच चित्र आहे : एक हात पुढें होतो आणि वस्तूभोंवतीं मिटतो.

म्हणूनच पुष्कळ दूरवर हे दोन शब्द बरोबरीनें चालतात. आपण चहा घेतों, औषध घेतों, श्वास घेतों, शपथ घेतों, सूड घेतों, निरोप घेतों, कष्ट घेतों, आणि दैवानें साथ दिली तर पदवी घेतों; या प्रत्येक ठिकाणीं इंग्रज ‘टेक’च म्हणेल. फार काय, गवताच्या गंजीनें ‘पेट घेतला’ यासहि इंग्रजींत ‘टेक फायर’ असा जोडशब्द आहे. अशीं पांचपन्नास वाक्यें बिनचूक साधलीं कीं विद्यार्थ्यास धीर येतो, आणि नेमका तेथेंच त्याचा पाय घसरतो.

परीक्षेचेंच उदाहरण घ्या. आमच्याकडे परीक्षा शिक्षक घेतात आणि विद्यार्थी देतो. इंग्रजींत याच्या अगदीं उलट आहे. तेथें परीक्षा ‘टेक’ करितो तो विद्यार्थी. शिक्षक ती ‘गिव्ह’ करितात. आमचा विद्यार्थी ‘अवर टीचर टुक अवर एक्झॅमिनेशन’ असें मोठ्या विश्वासानें लिहितो. इंग्रज वाचकास त्यावरून असें वाटेल कीं, मुलें बाहेर खेळत राहिलीं आणि बिचारे गुरुजी त्यांच्याऐवजीं उत्तरपत्रिका लिहीत बसले! या चुकीचें मूळ अज्ञानांत नाहीं. दोन समाज एकाच प्रसंगाकडे दोन बाजूंनीं पाहतात, यांत आहे. आपणांस परीक्षा ही शिक्षकानें आपल्याकडून वसूल करावयाची वस्तु वाटते; इंग्रजास ती विद्यार्थ्यानें अंगावर घ्यावयाची कामगिरी वाटते. गंमत अशी कीं, ‘वर्ग घेणें’ येथें दोन्हीं भाषा पुन्हां एक होतात. शिक्षकच वर्ग ‘टेक’ करितात. तेव्हां एका वाक्यावरून दुसरें ताडूं नये हें बरें.

दुसरा मोठा चकवा वेळेचा. ‘इट टेक्स टू अवर्स’ म्हणजे ‘तें दोन तास घेतें’ नव्हे. ‘दोन तास लागतात’. येथें ‘घेणें’ बाजूस सरतें आणि ‘लागणें’ पुढें येतें. आणि तें क्रियापद तरी काय साधें आहे? आम्हांस भूक लागते, घरास आग लागते, पायास ठेंच लागते, परीक्षेचा निकाल लागतो, रात्रीं झोंप लागते, ऊंस गोड लागतो, आणि पहांटे उठून शाळेस जावें लागतें! मराठी शिकूं पाहणाऱ्या परकीयानें हें ऐकून डोकें धरून बसावें. आपण मात्र यांतील एकहि प्रयोग कोशांतून पाठ केला नाहीं. आईच्या तोंडून सबंध वाक्य ऐकलें आणि सबंधच उचललें. इंग्रज बालकहि ‘टेक’ असाच शिकतें.

आतां या शब्दाच्या सोबत्यांकडे वळूं. ‘ऑफ’, ‘इन’, ‘टु’, ‘आफ्टर’ हे शब्द स्वतः क्षुल्लक दिसतात; पण ‘टेक’च्या शेजारीं येऊन बसले कीं त्याचें रूपच पालटून टाकितात. ‘टेक ऑफ’ म्हणजे टोपी किंवा अंगरखा काढणें. विमानानें भूमि सोडणें. आणि एखाद्याच्या बोलण्याचालण्याची हुबेहूब नक्कल करणें. ‘टेक इन’ याच्या लीला तर विलक्षण आहेत. शिंपी सैल कपडा आंत घेतो, दयाळु मनुष्य निराश्रितास घरांत घेतो, लक्ष देणारा विद्यार्थी विषय समजून घेतो, हें सर्व ‘टेक इन’च; आणि फसविणें हेंहि ‘टेक इन’च. नुसतें ‘ही वॉज टेकन इन’ एवढेंच वाक्य पुढें आलें, तर त्या गृहस्थास आसरा मिळाला कीं तो गंडला, हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. मागचेंपुढचें वाक्य पाहिलें पाहिजे. ‘टेक आफ्टर’ हा प्रयोग पालकांस आवडेल : मुलगा बापावर गेला, मुलगी आजीवर गेली, असें आपण म्हणतों तें इंग्रजींत या शब्दांनीं सांगतात. येथें मराठीनें ‘घेणें’ सोडून ‘जाणें’ धरलें आहे.

‘टेकन अबॅक’ म्हणजे एकाएकीं चकित होणें, गांगरून जाणें. हा प्रयोग खलाशांच्या बोलींतून आला आहे. शिडाच्या मोठ्या जहाजावर वारा अवचित फिरून समोरून येई, शिडें उलटीं होऊन डोलकाठीवर दाबलीं जात आणि चालतें जहाज जागच्या जागीं खुंटे. मनुष्याची तशी स्थिति झाली कीं तो ‘टेकन अबॅक’. समुद्रावर पोट भरणाऱ्या राष्ट्राच्या भाषेंत समुद्र असा ठिकठिकाणीं भेटतो. आमच्या भाषेंत त्या जागीं बहुधा शेत, बैल आणि पाऊस भेटतात.

कांहीं संप्रदायांची मराठीशीं तुलना करून पाहण्यांत फार मौज आहे. दुसऱ्याच्या चांगल्या वागण्याचें अनुकरण करणें यास इंग्रजींत ‘त्याच्या पुस्तकांतील एक पान घेणें’ म्हणतात. आपण त्याचा कित्ता गिरवितों. ऐकलेली गोष्ट पूर्णपणें खरी मानूं नये, असें सांगावयाचें असतां इंग्रज ती ‘चिमूटभर मिठाबरोबर’ घ्यावयास सांगतो. आपल्याकडेहि अशा गोष्टींत मीठ असतेंच. पण तें तिखटासह सांगणाराच अगोदर लावून ठेवितो! इंग्रजींत मीठ ऐकणाऱ्यानें आपल्या पदरचें घालावयाचें असतें.

येथवर इंग्रजी बिघडण्याची गोष्ट झाली. तिच्या जोडीस मराठी बिघडण्याचीहि आहे, व तिची आम्हांस अधिक चिंता वाटते. ‘मी आंघोळ घेतो’, ‘आम्ही बस घेतली’, ‘कृपया आपली जागा घ्या’ हीं वाक्यें आतां चांगल्या घरांतूनहि कानीं पडतात. मराठी मनुष्य आंघोळ करितो, बसनें जातो, आणि पाहुण्यास ‘बसा’ म्हणतो. बस घेण्यास तो निघाला, तर शेजारी तिची किंमत विचारतील. भाषांनीं एकमेकींपासून उसनें घेऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. इंग्रजांनीं ‘टेक’ हा शब्दच उसना घेतला, हें वर सांगितलेंच आहे. परंतु घरांत सुरेख शब्द असतां तो टाकून दुसऱ्याच्या शब्दाचें लाकडी भाषांतर वापरणें यांत कोणता लाभ? पालकांनीं मुलांस इंग्रजी अवश्य शिकवावें. जेवतांना मात्र त्यांच्याशीं धड मराठी बोलावें.

विद्यार्थ्यांनीं एक वेगळी वही करून तींत ‘टेक’चे प्रयोग वाचनांत येतील तसे सबंध वाक्यांसह उतरून ठेवावे. आरंभ म्हणून सुटींत पुढील वाक्यें ‘घेणें’ हें क्रियापद मुळींच न योजितां मराठींत आणून पाहावीं : ‘द मीटिंग टुक प्लेस ऑन मंडे.’ ‘द थीफ टुक टु हिज हील्स.’ ‘शी हॅज टेकन कोल्ड.’ ‘द यंग प्लँट हॅज टेकन रूट.’ ‘आय टुक हिम फॉर हिज ब्रदर.’ ‘डू नॉट टेक इट टु हार्ट.’ यांतील शेवटच्या वाक्यास निदान तीन चांगलीं भाषांतरें होतात. तीं तिन्हीं लिहून आपल्या वर्गशिक्षकांस दाखवावीं.