थिएट्रिदम : आठवणीचा ठेका

व्हिडिओ गेमवर वार्षिकांकात लेख लिहिणार म्हटल्यावर वर्गात हशा पिकला. एका मैत्रिणीने तर 'अगं, कवितेवर लिही' असा सल्लाही दिला. पण 'संगीत ऐकणे' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला कोणत्याही पुस्तकाने नव्हे, तर वसतिगृहातल्या माझ्या खोलीसोबतिणीच्या निन्टेन्डो स्विचने घातला. म्हणून हे धाडस.

'फायनल फँटसी' ही जपानी गेममालिका 1987 साली सुरू झाली. तिच्या पहिल्या भागांचे संगीत नोबुओ उएमात्सू यांचे. त्यांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. त्या काळच्या फॅमिकॉम यंत्रात संगीतकाराच्या हाती मुख्यतः तीन स्वररेषा आणि एक खरखरणारा आवाज एवढेच भांडवल असे. शिवाय खेळणारा एकाच रानात तासन्‌तास भटकणार, म्हणजे तीच चाल शेकडो वेळा वाजणार. एवढ्या वेळा ऐकूनही विटणार नाही, अशी चाल त्या तीन रेषांत बांधायची होती. ती त्यांनी किती पक्की बांधली, हे टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात दिसले. 23 जुलै 2021 रोजी खेळाडूंच्या संचलनात याच मालिकेचे विजयगीत वाजले.

याच चालींवर 2012 साली 'थिएट्रिदम फायनल फँटसी' हा तालाचा खेळ निघाला. नावातच थिएटर आणि ऱ्हिदम यांचा संधी आहे! आम्ही खेळतो तो 2023 चा 'फायनल बार लाइन'. त्यात 385 चाली आहेत. चार पात्रे पडद्यावर उभी असतात, चालीबरोबर खुणा सरकत येतात. लाल खूण आली की बटण दाबायचे, हिरवी आली की दाबून धरायचे, पिवळी आली की बाणाच्या दिशेने दांडी ढकलायची. ठोका अचूक बसला तर 'क्रिटिकल', हुकला तर 'मिस'. मधे इतर पायऱ्या. लढाईच्या चालीत प्रत्येक बरोबर ठोका शत्रूवर वार होऊन पडतो. फार चुका झाल्या की आपला जीव संपतो आणि गाणे अर्ध्यावर तुटते.

खरा अभ्यासाचा भाग मला काठिण्याच्या पायऱ्यांत सापडला. 'बेसिक' या पायरीवर चालीचा नुसता सांगाडा वाजवायला मिळतो. वरच्या पायरीवर त्याच चालीत अशा जागा उघडतात, ज्या आधी कानावर पडूनही ऐकू आलेल्या नसतात. खुणा कुठे ठेवायच्या हे कोणीतरी बसून ठरवलेले आहे; म्हणजे तीही त्या चालीवरची एक टीकाच. ज्ञानेश्वरीचा तास चालू असताना मला हे सुचले, हे सरांनी क्षमा करून वाचावे.

आता मूळ प्रसंगाकडे येते. सातव्या भागात (1997) एरिथ नावाची मुलगी आहे. मूळ तीन चकत्यांपैकी पहिलीच्या शेवटी ती मारली जाते. तिची चाल आम्ही दोघींनी पाळीपाळीने वाजवली. माझी सोबतीण लहानपणापासून या मालिकेत वाढलेली, तिच्या थोरल्या भावाबरोबर तिने सातवा भाग पुरा केलेला. मी मात्र कॉलेजात येईपर्यंत कंट्रोलर हातात धरला नव्हता. आणि गुण जास्त पडले ते मला! ती मधेच थबकली, चार-पाच खुणा तशाच निघून गेल्या.

मी हसले तर ती म्हणाली, "तुला काहीच वाटलं नाही का गं?"

खरेच नव्हते वाटले. मी खुणा मोजत होते.

हे मला बरेच दिवस सलत राहिले. आमच्या गावी सप्ताहात वडील मृदंग वाजवतात. भजनी ठेका आठ मात्रांचा. पण एखाद्या ओळीवर बुवांचा गळा भरून आला, तर वडील हात हलका करतात, टाळकरी थांबतात, मग सगळे मिळून पुन्हा समेवर येतात. यंत्र असे थांबत नाही. ज्याला आठवण येते त्याचे गुण कापले जातात, आणि ज्याला काहीच आठवत नाही तो पहिला येतो. हा खेळ आठवणींसाठीच काढलेला, तरी त्याचा हिशेब असा उलटा. माझ्या मते हा त्याचा मोठा दोष आहे. सोबतीण मात्र ते मानत नाही. तिचे म्हणणे, गुण पाहायला कोण खेळते?

या खेळात दोघांनी मिळून वाजवण्याचीही सोय आहे. खुणा वाटून घ्यायच्या. तसे खेळताना ती थबकली तर माझ्या वाटच्या खुणा चालू राहतात, आणि गाणे तुटत नाही.

सहामाही संपल्यावर तिच्याच यंत्रावर मी सातवा भाग सुरू केला. रोज रात्री तासभर, आवाज बारीक ठेवून. एरिथ अजून माझ्या पथकात आहे. फुले विकते, थट्टा करते, जखमी सोबत्यांना बरे करते. पुढे काय होणार ते मला ठाऊक आहे, तिला नाही. परवा तीच चाल पुन्हा वाजवायला घेतली. या वेळी तीन ठिकाणी चुकले.