उन्हाळी लागली तर लाजू नकोस गं

अगं, एवढं चोरून काय सांगतेस? उन्हाळी लागणं म्हणजे काही पाप नव्हे. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, जंतूंना वर चढायला कितीसा वेळ लागणार! त्यात तुझा दिवस बघ. सकाळी मोरव्याहून रिक्षाने भाईंदर स्टेशन, तिथून चर्चगेटची लोकल. डब्यात शौचालय नाही, म्हणून तू पाणीच पीत नाहीस. खरं सांगू का, मीही कित्येक वर्षं तेच केलं.

आधी घरातलं बघू. दोन चमचे धने जाडसर कुटून रात्री पेलाभर पाण्यात भिजत घाल, सकाळी गाळून पी. माठात वाळ्याची जुडी सोड. दिवसभर घोट घोट पीत राहा, लघवी पातळ झाली की आग कमी होते. गोखरूचं म्हणशील, तर लघवी साफ करणाऱ्या ज्या दहा वनस्पती चरकसंहितेत सांगितल्यात, त्यांत तो आहेच. पण दुकानातून चूर्ण आणून मनाने काढा उकळू नकोस. दिवस गेले असतील किंवा साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर वैद्यांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

आणि हे नीट ऐक. हा संसर्ग बहुतेक वेळा आतड्यातल्या ई. कोलाय जंतूचा असतो. धन्याच्या पाण्याने आराम पडतो, पण तेवढ्याने जंतू जाईल या भरवशावर राहू नकोस. मी राहिले होते. चार दिवस धन्याचं पाणी पीत बसले, पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आणि बरगडीखाली पाठीत कळ. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. घरात मुलं लहान आणि मी सलाईनवर.

म्हणून एक-दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरकडे जा. थंडीताप, पाठदुखी, उलट्या, लघवीत रक्त यातलं काही दिसलं किंवा गरोदर असलीस, तर त्याच दिवशी. भाईंदर पश्चिमेला टेंभा रुग्णालय आहे की! गोळ्या सुरू करण्याआधी लघवी कल्चरला द्यायची का, ते विचार. कोणतं औषध लागू पडेल ते त्यातून कळतं. बरं वाटलं म्हणून कोर्स अर्धा सोडायचा नाही, आणि जावेच्या डब्यातली उरलेली गोळी तर घ्यायचीच नाही.

उद्या निघताना पर्समध्ये पाण्याची बाटली टाक. आणि बघ, ऑफिसात पोचलीस की आधी लघवीला जाऊन ये, काम मग.