छाटणीआधीचा अर्ज

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या छोट्या ऑफिसातून आम्ही द्राक्षबागायतदारांसाठी सॉफ्टवेअर चालवतो. निफाड-दिंडोरीच्या बागांतल्या हवामान केंद्रांकडून तापमान, आर्द्रता, पानांवरचा ओलावा येतो. त्यावरून डाऊनी रोगाच्या धोक्याची सूचना शेतकऱ्याच्या फोनवर जाते. शेतकऱ्यांच्या एका गटाची माहिती दुसऱ्याला दिसू नये म्हणून प्रत्येक गटाला क्लाउडवर वेगळा प्रोजेक्ट. एका ऑक्टोबरात दोन नव्या गटांसाठी प्रोजेक्ट उघडायला गेलो, तर मर्यादा संपल्याचा संदेश आला. त्यानंतर जे शिकलो, ते असं.

१. मर्यादा वाढवण्याचा अर्ज गणपतीच्या आधी करायचा. गोडी छाटणी झाली की कोवळ्या फुटीवर एक पाऊसही डाऊनीला पुरतो. दोन दिवसांत काम होईल या भरवशावर मी राहिलो आणि अर्ज तपासणीत अडकला. मधेच पाऊस झाला. ‘केंद्र बागेत उभं आहे, मग मेसेज का नाही आला?’ असं एका काकांनी फोनवर विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांची फवारणी एक दिवस उशिरा झाली, हे मला आजही लागतं.

२. ‘व्यवसाय वाढतोय’ हे कारण होत नाही. पहिल्या अर्जात मी एवढंच लिहिलं होतं आणि तो परत आला, तेही योग्यच. चोरलेल्या कार्डांवर खाती उघडून क्रिप्टो मायनिंग करणारे लोक असतात. मर्यादा त्यांच्यासाठीही असते आणि चुकून फुगणाऱ्या बिलासाठीही. अर्ज तपासणाऱ्याला आपण त्यांच्यापेक्षा वेगळे आहोत हे दिसायला हवं. दुसऱ्या अर्जात हिशेब मांडला: आज १२ प्रोजेक्ट, डिसेंबरपर्यंत आणखी ८, प्रत्येकात कोणत्या सेवा, महिन्याचा अंदाजे खर्च किती, वेगळे प्रोजेक्ट कशासाठी. तो मंजूर झाला.

३. मागण्याआधी मोजा. आमच्या १२ पैकी ४ प्रोजेक्ट ओस पडले होते: शिकाऊ मुलांचे प्रयोग, एका कृषी प्रदर्शनातला डेमो. पण काढून टाकले की लगेच जागा होते, असंही नाही. गूगल क्लाउडवर काढलेला प्रोजेक्ट ३० दिवस परत आणता येतो आणि तोवर तो मोजणीत धरला जाऊ शकतो. म्हणून आमची झाडलोट आता आषाढातच होते.

४. खातं कंपनीच्या ईमेलवर असावं. नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या नावावर नसावं.

५. प्रोजेक्टची संख्या वाढली म्हणजे सगळं वाढलं असं नाही. आतल्या मशीनची, आयपी पत्त्यांची मर्यादा वेगळी असते आणि ती बहुतेक ठिकाणी प्रदेशागणिक मोजतात. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या क्लाउडवर (एडब्ल्यूएस) मुंबई आणि हैदराबाद हे वेगळे प्रदेश आहेत. मुंबईसाठी मिळालेली वाढ हैदराबादला आपोआप लागू होत नाही. पर्यायी व्यवस्था दुसऱ्या शहरात ठेवणार असाल, तर तिथलाही अर्ज त्याच दिवशी करा.

६. वाढ मिळाली त्याच दिवशी बजेटची सूचना लावा. ती खर्च थांबवत नाही, फक्त कळवते. त्यामुळे ती माझ्या एकट्याच्या नाही, तिघांच्या फोनवर येते.

यंदा अर्ज नागपंचमीला पाठवला. उत्तर पोळ्याआधी आलं. पहिल्या बागेची छाटणी तेव्हा महिनाभर लांब होती. नव्या गटाची केंद्रं आम्ही सावकाश, शेतकऱ्यांना शेजारी उभं करून, त्यांच्यासमोर जोडली.