व्हार्निशचा हात

मेडनहेड, बर्कशायर
३० जून

चि. सोनूस,


तू पाठवलेले फोटो मोठे करकरून पाहिले. पन्हाळ्याच्या तटबंदीचा प्रिंट झकास आलाय. त्यावर जो पांढुरका ढग धरलाय, तो ना मशीनचा दोष, ना कॅनव्हासचा. कोल्हापुरातला पावसाळा, शटर ओढलेला गाळा, आणि छापून दोन-तीन तास झाले नाहीत तोच व्हार्निशचा लेप चढवायची घाई, म्हणजे दुसरं काय होणार? तो रोल फेकू मात्र नकोस. कोरड्या खोलीत चार-पाच दिवस टांगून ठेव. लेपात नुसतं पाणी अडकलं असेल तर ढग बराचसा विरेल. नाहीच विरला तर ज्याची ऑर्डर आहे त्या हॉटेलवाल्याला नवा छापून दे.

तू विचारलंस, "आत्या, कोणत्या कंपनीचं व्हार्निश घेऊ?" कंपनीचं मग बघू. आधी या प्रिंटला लेप हवाच का, ते ठरव. हा लेप एकदा बसला की निघत नाही, आणि ही गोष्ट डबा विकणारा तुला कधी सांगणार नाही.

तैलचित्रांचं तसं नसतं, पण त्यातला एक अपवाद आमच्या गावाशी जोडलेला आहे. आमच्या गावात थेम्सवर ब्रुनेल या इंजिनिअरचा रेल्वेपूल आहे. नुसत्या विटांच्या दोन मुख्य कमानी, एकेक १२८ फुटांची, आणि इतक्या चपट्या की पूल पडणार अशी तेव्हा अनेकांची खात्री होती. आजही त्यावरून गाड्या धडधडत जातात. चित्रकार टर्नरने ‘रेन, स्टीम अँड स्पीड’ या चित्रात हाच पूल रंगवला. १८४४ साली ते रॉयल अकॅडमीत लागलं, आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. इथल्या लोकांना त्याचं भारी कौतुक, त्यामुळे त्याच्या कॅनव्हासवरच्या प्रती आमच्या वर्कशॉपमधून सारख्या जात असतात. त्या काळी अकॅडमीत प्रदर्शन उघडण्याआधी चित्रकारांना व्हार्निश लावायला म्हणून खास दिवस मिळायचे. टर्नर त्या दिवसांत व्हार्निश राहू दे, भिंतीवर टांगलेलं चित्रच नव्याने रंगवत बसायचा. व्हार्निश हे चित्राच्या वरचं वेगळं पांघरूण, ते पिवळं पडलं की जाणकाराने कापसाच्या बोळ्याने हळूहळू उतरवायचं आणि नवं चढवायचं, असा तैलचित्रांचा रिवाज आहे. टर्नरच्या चित्रांत नेमकं तेच अवघड होऊन बसतं, कारण हा गृहस्थ रंगातच राळ मिसळायचा. वरचं उतरवायला जावं तर खालचं सुटून येण्याची भीती.

तुझा प्रत्येक प्रिंट या बाबतीत टर्नरच आहे. कॅनव्हासवर शाई धरून ठेवणारा एक पातळ थर असतो, शाई त्या थरात बसते, आणि वरून लावलेलं अ‍ॅक्रिलिकही त्याच थरात मुरतं. पुढे कधी लेप काढायला जाशील तर शाई बरोबर घेऊनच तो निघेल. संग्रहालयांतली मंडळी म्हणूनच असल्या छापांना शक्यतो काही लावत नाहीत, काचेमागे ठेवतात.

मग आपण का लावायचा? कॅनव्हासला बहुतेक कुणी काच लावत नाही म्हणून. पिगमेंट शाई त्या थराच्या अगदी वरच्या अंगाला बसते. तिला नख लागलं की चरा, ओला फडका लागला की डाग, आणि चौकटीच्या कडेवर कॅनव्हास दुमडला की पांढरी रेघ. हॉटेलच्या जिन्यात जाणारे-येणारे हात लावणार, पोऱ्या फडका मारणार, तेव्हा तुझ्या पन्हाळ्याला लेप हवाच. काचेच्या चौकटीत जाणार असेल तर नको. आणि देवाच्या तसबिरीसाठी माझं मत विचारशील तर कॅनव्हासच नको. रेडिंग-स्लाओकडच्या आपल्या लोकांना विठ्ठल-रखुमाई कॅनव्हासवरच हवे असतात, "ओरिजिनल पेंटिंगसारखं दिसतं" म्हणून. त्यांना मी एवढंच विचारते, की रोज गंध कुठे लावणार? थेट देवाच्या कपाळावर, हे ठरलेलंच. वर ओला हार, शेजारी उदबत्ती, खाली तेलाचा दिवा. हळद अ‍ॅक्रिलिकमध्ये बसली की बसली. कागदावर छापून काचेत घालून दे. गिऱ्हाईक थोडं खट्टू होईल, पण दसऱ्याला काच पुसून तसबीर पुन्हा लख्ख करता येईल.

आपल्याकडे हा उद्योग काही आजचा नाही. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरून एकेक रंग छापायचा आणि तैलचित्राचा भास यावा म्हणून वरून व्हार्निश द्यायचं, अशी ती ओलिओग्राफची रीत. घरोघरच्या माजघरांतल्या त्या लक्ष्मी-सरस्वती आज तपकिरी दिसतात. त्यात धुराचा आणि कागदाचा वाटा आहेच, पण जुन्या व्हार्निशचाही आहे. लावताना ते काचेसारखं नितळ असणार. तेव्हा आज डबा उघडल्यावर लेप किती स्वच्छ दिसतो यावर भाळू नकोस.

आता प्रत्यक्ष कामाचं.

छापल्यावर शाई हाताला लगेच कोरडी लागते, पण तिच्यातले ग्लायकोलसारखे द्रव हळूहळू बाहेर पडत राहतात. किमान एक पूर्ण दिवस प्रिंट मोकळा पडू दे, पावसाळ्यात दोन. बाहेरून कुणी छापून आणलेला माल आला तर आधी कोपऱ्यातल्या रंगावर ओल्या कापसाचा बोळा फिरव. कापूस रंगला तर शाई डाय जातीची आहे असं धर आणि पाण्याचा लेप तिच्या जवळही नेऊ नकोस, चित्र डोळ्यांदेखत ओघळेल. तिथे सॉल्व्हंटचा स्प्रेच लागतो. इको-सॉल्व्हंट मशीनचा माल असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत थांब.

कॅनव्हास विकत घेताना एक गंमत कर. दुकानदार नोटा तपासायला निळा दिवा ठेवतात ना, तो कॅनव्हासच्या छापायच्या बाजूवर धर. निळसर पांढरा झगमगला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं भरपूर आहेत. ती अतिनील किरणं पिऊन पांढरेपणा दाखवतात. वरून तू अतिनील किरणं अडवणारा लेप दिलास की त्यांचा खुराकच बंद होतो आणि पांढरा भाग त्याच दिवशी किंचित पिवळट दिसू लागतो. गिऱ्हाईक म्हणतं व्हार्निश खराब आहे. व्हार्निश बिचारं आपलं काम करत असतं.

इथे माझा शत्रू थंडी. अ‍ॅक्रिलिकचे सूक्ष्म कण पाणी उडाल्यावर एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा व्हावा लागतो, आणि फार थंडीत ते मिसळतच नाहीत. लेप भुकटीसारखा किंवा बारीक तड्यांचा होतो. म्हणून जानेवारीत वर्कशॉप आदल्या रात्रीपासून गरम ठेवावं लागतं, आणि डबाही आतच ठेवायचा, मोटारीत नाही. तुझा शत्रू जून ते सप्टेंबर दमटपणा आणि एप्रिल-मेमध्ये ऊन. अठरा ते पंचवीस अंश उत्तम. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांवर गेली की मी रोलर खाली ठेवते, मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ कुठेही मिळतं, ते आधी घे. उन्हाळ्यात सकाळी लवकर काम उरक. दुपारी एक कड वाळते आणि तिच्यावर दुसरी चढून पट्टे दिसतात.

टेबल सपाट हवं. कॅनव्हास कडेच्या कोऱ्या भागावर टेपने चिकटव आणि मऊ ब्रशने धूळ झटक. (खरं तर झटकायला हवं छापण्याआधी. सुताचा एखादा तंतू शाईखाली राहिला आणि नंतर सुटला की तिथे पांढरा ठिपका उरतो.) डबा हलवायचा नाही, ढवळायचा. हलवला की फेस होतो. मॅट व्हार्निशमध्ये चमक मारणारी सिलिका तळाशी बसलेली असते, ती वर येईपर्यंत तळापासून सावकाश ढवळायचं. नाही तर डब्यातला पहिला प्रिंट चकचकीत निघतो आणि शेवटचा राखेसारखा. मग नायलॉनच्या जाळीतून ट्रेमध्ये गाळून घे. सुती फडक्याने गाळलंस तर त्याचेच धागे आत जातील.

बारीक फोमचा रोलर आधी पाण्यात बुडवून घट्ट पिळून घे. मग लांबीच्या दिशेने भराभर लेप पसर, दुधासारखा पांढरा दिसेल. त्यावर बारीक बुडबुड्यांची जाळी उठते. तिला घाबरून पुन्हा पुन्हा रोलर फिरवतात आणि तिथेच घात होतो, कारण लेप धरायला लागल्यावर फिरवलेला प्रत्येक फेरा संत्र्याच्या सालीसारखी खरवड उठवतो. बुडबुडे आपोआप फुटतात. रोलरचं नुसतं वजन पडेल इतक्या हलक्या हाताने, एकाच दिशेने, शेवटचा एक फेरा दे आणि बाजूला हो. मोबाइलची बॅटरी कडेने आडवी धरून बघ, कोरडी राहिलेली जागा लगेच कळते. पंखा थेट वर सोडायचा नाही, हेअर ड्रायर तर नाहीच. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर, आडव्या दिशेने. दोन पातळ हात पुरेत. एकच जाड हात दिलास तर वरून साय धरेल, आत ओल राहील, आणि तुझा ढग परत येईल.

मॅट की ग्लॉस, हे गिऱ्हाइकाने ठरवावं, पण दोन्ही पट्ट्या हातात देऊन. मॅट लेपाने काळा रंग राखाडी होतो. पन्हाळ्याच्या बुरुजाच्या सावल्या तुला प्रिय असतील तर सॅटिन वापर. ग्लॉस दिवाणखान्यात खिडकीसमोर लावला की चित्राऐवजी खिडकीच दिसते.

शेजारचा गाडी रंगवणारा तुला म्हणेल, "दोन डब्यांचं पीयू मारून देतो, दगडासारखं होतं." होतं खरं, आणि चौकटीच्या कोपऱ्यावर दुमडलं की दगडासारखंच फुटतं. त्याहून वाईट म्हणजे त्यातलं हार्डनर आयसोसायनेटचं असतं. कामामुळे होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांत ब्रिटनमध्ये ते मोजतात. २००२ च्या घातक पदार्थांच्या नियमांखाली इथे मालकाला हवा खेचणारी सोय आणि योग्य मास्क द्यावाच लागतो. तुझ्याकडे तपासायला कुणी येणार नाही, म्हणून तूच तुझा इन्स्पेक्टर हो. साधा सॉल्व्हंट स्प्रे मारतानाही रुमाल बांधून भागत नाही, वाफ गाळणाऱ्या डब्यांचा मास्क लागतो.

वाळलेला लेप बरेच दिवस आतून मऊ असतो. लगेच चौकटीवर ताणू नकोस, आणि ताणताना कॅनव्हास गारठलेला नसावा. गुंडाळायचा तर चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून, मोठ्या नळीवर, मध्ये सिलिकॉनचा न चिकटणारा कागद घालून. बबलरॅप चित्राला टेकवायचं नाही. मे महिन्यात टेम्पोतून मुंबईला गेलेल्या प्रिंटवर गोल गोल ठसे उमटलेले असतात, ते यामुळेच.

आणि तुझ्या पाटीवर ‘शंभर वर्षं गॅरंटी’ लिहिलंयस, ते काढ. ते शंभर वर्षांचे आकडे येतात कुठून? विल्हेल्म इमेजिंग रिसर्चसारख्या प्रयोगशाळा दिवसाला बारा तास ४५० लक्स उजेड धरून हिशेब करतात. म्हणजे घरातली बरी उजेडाची भिंत. भर उन्हात लाखभर लक्स असतात. हॉटेलवाल्याने चित्र पश्चिमेच्या व्हरांड्यात लावलं तर तुझ्या गॅरंटीचं काय करायचं? लेप अतिनील किरणं अडवतो, दिसणारा उजेड आरपार जाऊ देतो. नाही तर चित्र दिसलंच नसतं. त्यामुळे रंग उडण्याचा वेग कमी होतो, उडणं थांबत नाही. बिलावर एवढंच लिही, की थेट ऊन नको, कोरड्या मऊ फडक्यानेच पुसावं.

आता कंपनीचं. तुला कोल्हापुरात वर्षभर सारखा मिळेल तो घे, फक्त इंकजेट कॅनव्हाससाठी आहे असं डब्यावर छापलेलं असलं पाहिजे. भिंतीच्या रंगाचा किंवा लाकडाच्या पॉलिशचा नको. डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, बारीक अक्षरं दिसतील असा. किमान तापमान आणि पाणी किती घालायचं ते तिथेच दिलेलं असतं. बरोबर पन्हाळ्याच्या प्रिंटची वीतभर पट्टीही पाकिटात घालून धाड. अर्धी लेपाची, अर्धी कोरी. इथे खिडकीत लावून ठेवते, दिवाळीपर्यंत काय होतं ते कळवीन.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग. वहिनीने पाठवलेलं मेतकूट पोचलं.

तुझी,
आत्या