न बोलणाऱ्या वेदनेविषयी तज्ज्ञांचे एकमत

वाणिज्य शाखेत व्यवसायाचे पूर्वानुमान शिकताना ‘डेल्फी’ पद्धतीचा परिचय होतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतील रँड संस्थेत विकसित झालेली ही पद्धत आज वैद्यकातही वापरली जाते. नवजात शिशूची दीर्घकालीन वेदना हे त्याचे बोलके उदाहरण होय.

सामान्यतः तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वा वारंवार उद्भवणाऱ्या वेदनेस दीर्घकालीन म्हणतात. नवजात अवस्था मात्र अवघ्या २८ दिवसांची! व्याख्या लागू पडत नाही आणि बाळ सांगू शकत नाही. अशा वेळी तज्ज्ञांच्या एकमताचा आधार घ्यावा लागतो. त्याच्या प्रमुख पद्धती तीन :

१. परिषद : पुरावे ऐकून खुली चर्चा होते, परंतु ज्येष्ठांच्या मताचा प्रभाव पडतो.

२. नॉमिनल ग्रुप : एकत्र बसून प्रत्येकजण आधी मूकपणे मुद्दे लिहितो, मग क्रमाने मांडणी, चर्चा आणि गुप्त क्रमवारी.

३. डेल्फी : प्रश्नावलीच्या अनेक फेऱ्या होतात. नावे गुप्त राहतात. प्रत्येक फेरीनंतर गटाचा कल कळवला जातो व मत बदलण्याची मुभा असते.

निवड कशी करावी? समजा, लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातील प्राध्यापक, संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतील परिचारिका आणि पुण्याचे बालरोगतज्ज्ञ यांची मते हवी आहेत. अंतर मोठे, अधिकारात तफावत. आणि बाळाजवळ तासन् तास असते ती परिचारिका. येथे डेल्फीच उचित. एकाच शहरातील आठ-दहा जणांकडून केवळ प्राधान्यक्रम हवा असेल, तर नॉमिनल ग्रुप एका दिवसात काम भागवतो. डेल्फीस वेळ लागतो व फेरीगणिक काही सहभागी गळतात. किती टक्के सहमती म्हणजे एकमत, हे मात्र आरंभीच ठरवावे. निकाल पाहून नव्हे. या विषयावरील २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही डेल्फीच वापरली गेली.

त्या अभ्यासाचे एक सहलेखक डॉ. कन्वलजीत आनंद इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. नवजात बाळांना वेदना फारशी जाणवत नाही, असा समज एकेकाळी वैद्यकात रूढ होता व त्यांच्या शस्त्रक्रिया अत्यल्प भूल देऊन होत. पुरेसे वेदनाशमन दिल्यास बाळांतील गुंतागुंत कमी होते, हे आनंद व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखविले.

तात्पर्य, एकमत म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा हाती येईपर्यंतची ती काळजीपूर्वक केलेली तरतूद आहे आणि प्रत्येक तरतुदीप्रमाणे तिचाही वेळोवेळी फेरआढावा घेणे अगत्याचे आहे.