चेस्टनट : झाडावर पिकणारे धान्य

माकडाने मांजराच्या पंजाने विस्तवातील फळे काढविली, ही कथा बहुतेक शिक्षकांच्या परिचयाची आहे. फ्रेंच कवी ला फोंतेन याने आपल्या बोधकथांच्या १६७९ साली प्रसिद्ध झालेल्या भागात ती पद्यरूपाने सांगितली. बेरत्राँ हे माकड व रातों हे मांजर एकाच घरात राहतात. चुलीत चेस्टनट भाजत पडलेले असतात. माकडाच्या स्तुतीने फुगलेले मांजर पंजे पोळवून घेत एकेक चेस्टनट बाहेर काढते आणि माकड ते फोडून खाते. इतक्यात मोलकरीण येते, दोघेही पळतात आणि मांजराच्या पदरी केवळ चटके उरतात. वर्गात ही कथा रंगली म्हणजे एखादे चौकस मूल विचारतेच, की चेस्टनट म्हणजे काय? अशा वेळी ‘एक प्रकारचे विलायती फळ’ एवढे उत्तर देऊन पुढे जाण्याचा मोह होतो. परंतु ज्या फळावर युरोपातील कित्येक डोंगरी गावे शतकानुशतके हिवाळा काढीत आली, त्याला इतक्या थोडक्यात वाटेस लावणे योग्य नव्हे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्रजीत शिंगाड्यास ‘पाण्यातील चेस्टनट’ म्हणतात. त्यामुळे पुष्कळांना चेस्टनट म्हणजे शिंगाडाच वाटतो. भंडारा-गोंदियाकडील तलावांत वाढणारा आणि उपवासाला ज्याचे पीठ चालते तो शिंगाडा ही एक जलवनस्पती होय. चेस्टनट हा मोठा, दीर्घायुषी वृक्ष आहे. त्याच्या फळावर सुयांसारख्या दाट काट्यांचे आवरण असते. पिकल्यावर ते उकलते व आतून बहुधा दोन-तीन तपकिरी, चकचकीत, एका बाजूने चपट्या आणि टोकाशी बारीक झुपका असलेल्या बिया पडतात. दुसरे एक झाड ‘घोड्याचे चेस्टनट’ या नावाने ओळखले जाते. त्याच्या आवरणावरील काटे विरळ व जाड असतात आणि बी गोल, टोक नसलेले असते. ते विषारी असून खाण्याच्या कामाचे नाही. खऱ्या चेस्टनटची थोडी लागवड आपल्या देशात हिमालयाच्या थंड उतारांवर आहे. महाराष्ट्रात तो पिकत नाही.

आता त्याच्या पोषणाविषयी. कठीण कवचाच्या बिया म्हटल्या की आपल्यासमोर काजू, बदाम आणि त्यांच्या जोडीला शेंगदाणे येतात. या सर्वांत तेल भरपूर. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत स्निग्ध पदार्थ चाळीस ग्रॅमांहून अधिक असतात. भाजलेल्या चेस्टनटमध्ये ते जेमतेम दोन ग्रॅम भरतात. उलट पिष्टमय पदार्थ व शर्करा मिळून सुमारे ५३ ग्रॅम असतात, प्रथिने ३ ग्रॅमांच्या आसपास आणि उष्मांक २४५. म्हणजे दिसावयास हे काजू-बदामांच्या पंक्तीतले असले, तरी त्याची सोयरीक ज्वारी-तांदळाशी आहे. फ्रान्सच्या दक्षिणेकडील सेव्हेन डोंगरात लोक या झाडाला ‘भाकरीचे झाड’ म्हणत, त्यात अतिशयोक्ती नव्हती.

भाजल्याने अन्न ‘वाढते’, असा एक समज आढळतो. कच्च्या चेस्टनटच्या शंभर ग्रॅमांत २१३ उष्मांक व भाजलेल्याच्या शंभर ग्रॅमांत २४५, हे आकडे पाहून तो बळावेल. वरच्या इयत्तेत यावर त्रैराशिकाचे सुंदर उदाहरण घालता येईल. शंभर ग्रॅम कच्च्या गरात सुमारे ४८.५ ग्रॅम पाणी असते, तेव्हा कोरडा भाग ५१.५ ग्रॅम. भाजलेल्यात पाणी सुमारे ४०.५ ग्रॅम, तेव्हा कोरडा भाग ५९.५ ग्रॅम. ५१.५ ग्रॅम कोरड्या भागात २१३ उष्मांक, तर ५९.५ ग्रॅमांत किती? उत्तर २४६ येते, म्हणजे प्रत्यक्ष आकड्याच्या अगदी जवळ. भाजण्याने नवे काही निर्माण झाले नाही, फक्त पाणी उडाले, हे मुलांना त्यांच्याच हातच्या गणिताने पटते.

हेच उदाहरण ‘क’ जीवनसत्त्वाला लावले की निराळेच चित्र दिसते. कच्च्यात ते ४३ मिलिग्रॅम असते. केवळ पाणी उडाले असते, तर भाजलेल्यात ते ५० मिलिग्रॅमांच्या आसपास यावयास हवे होते. प्रत्यक्षात २६ मिलिग्रॅमच सापडते. म्हणजे जवळजवळ निम्मे उष्णतेने नष्ट झाले. तरीही उरलेले काही थोडे नव्हे. सुक्या धान्यात व शेंगदाण्यात हे जीवनसत्त्व जवळपास नसतेच. हिवाळ्यात हिरवी भाजी दुर्मिळ होणाऱ्या डोंगरात मूठभर भाजलेल्या चेस्टनटचे मोल यावरून कळते.

त्या डोंगराची ओळख मुलांना अवश्य करून द्यावी. सेव्हेनचा प्रदेश उताराचा, खडकाळ आणि गव्हाला प्रतिकूल. लोकांनी दगडांवर दगड रचून ताली बांधल्या, माती अडवली आणि चेस्टनटची कलमे केली. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आपल्याकडील आश्विन-कार्तिकात, फळे गळू लागली की घरातील लहानथोर सारे वेचणीला लागत. ताजी फळे लवकर कुजतात व किडतात, म्हणून काही तेवढी भाजून-उकडून खाल्ली जात आणि उरलेली वाळविण्यासाठी नेली जात. या कामासाठी दगडी बांधणीची लहानशी दुमजली खोली असे. वरच्या मजल्यावर फटी ठेवून बसविलेल्या लाकडी पट्ट्यांवर चेस्टनट पसरीत आणि खाली मंद, धुरकट विस्तव सुमारे महिनाभर तेवत ठेवीत. आपल्या चुलीवरच्या माळ्यावर मक्याची कणसे धुराने राखतात, त्याचाच हा मोठा प्रकार. या खोलीला तिकडे ‘क्लेद’ म्हणतात. संस्कृतात क्लेद म्हणजे ओलावा, आणि तेथे हीच ओलावा घालविण्याची जागा! हा केवळ ध्वनीचा योगायोग असला, तरी नाव लक्षात ठेवण्यास उपयोगी आहे.

वाळल्यावर तीन किलोचे वजन एक किलोवर येई. मग खिळे बसविलेले जोडे घालून ते तुडवीत किंवा पोत्यात भरून ओंडक्यावर आपटीत, म्हणजे कवच व आतील तुरट साल दोन्ही सुटत. असे पांढरे चेस्टनट वर्षभर टिकत. त्यांचे सूप करीत, दुधात शिजवीत किंवा दळून पीठ करीत. मात्र या पिठात गव्हातला चिकट घटक नसल्यामुळे त्याची फुगलेली पावरोटी होत नाही. ज्वारीच्या पिठाची पोळी लाटता येत नाही, भाकरी थापावी लागते, त्यातलाच हा प्रकार. म्हणून लोकांनी पिठाच्या स्वभावाप्रमाणे पदार्थ शोधले. कॉर्सिका बेटात खारट पाण्यात पीठ घालून दांड्याने घोटतात व तांदळाच्या उकडीसारखा घट्ट गोळा करून तो फडक्यावर उलटून कापतात. इटलीतील तस्कनी प्रांतात पातळ पिठात मनुका, चिलगोज्यांसारख्या बिया व रोजमेरीची सुवासिक पाने घालून ते ऑलिव्ह तेलाबरोबर भट्टीत भाजतात. त्याच प्रांताच्या डोंगराळ भागात पीठ चेस्टनटच्याच पानांत ठेवून दोन तापलेल्या थाळ्यांमध्ये शेकण्याची रीत आहे. कोकणातील पानगी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

कॉर्सिकात १५८४ साली जेनोआच्या राज्यकर्त्यांनी प्रत्येक जमीनधारकाला दरवर्षी चार झाडे लावण्याचा हुकूम केला : तुती, ऑलिव्ह, अंजीर आणि चेस्टनट. बेटाच्या एका भागाचे कास्तान्यिच्चा हे नावच या वृक्षावरून पडले. पुढे बेट फ्रान्सकडे गेल्यावर काही अधिकाऱ्यांनी मत दिले, की हे झाड लोकांना आळशी बनविते, कारण नांगरल्या-पेरल्याविना पोटाला मिळते. ताली बांधणे, कलमे करणे, काट्यांतून वेचणे आणि महिनाभर धुरात जागणे ज्यांनी कधी केले नाही, त्यांनाच असे मत सुचू शकते.

अर्थात एकट्या चेस्टनटवर शरीराचे भागत नाही. त्यातील प्रथिने थोडी असल्याने शेळीचे दूध, चीज किंवा डुकराचे मांस यांची जोड त्याला दिली जाई, आणि ज्या घरी ती नसे तेथे पोट भरूनही अंग भरत नसे. भाताबरोबर वरण का हवे, हे शिकविताना हा दाखला उपयोगी पडेल.

एकाच झाडावर भिस्त ठेवण्यात धोकाही असतो. १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील चेस्टनट वाळू लागले. आशियातून आलेल्या झाडांबरोबर एक बुरशी तेथे शिरली होती. सुमारे पन्नास वर्षांत अमेरिकेतील तीन ते चार अब्ज झाडे तिने मारली. डोंगरी कुटुंबांचे हिवाळ्याचे अन्न व बाजारात विकण्याचा माल दोन्ही गेले. मुळे जिवंत असल्याने आजही बुंध्यांना फुटवे येतात, पण मोठे होण्यापूर्वीच ते बहुधा रोगाला बळी पडतात. १९३८ मध्ये हाच रोग इटलीत जेनोआजवळ दिसला. तेथे मात्र पुढे बुरशीलाच एका विषाणूची बाधा होऊन ती दुबळी झाली आणि पुष्कळ झाडे वाचली.

भाजण्याची क्रिया स्वतंत्रपणे समजून घेण्यासारखी आहे. चेस्टनटचे कवच न चिरता विस्तवावर ठेवले, तर आतील पाण्याची वाफ कोंडते आणि ते बार उडाल्यासारखे फुटते. म्हणून सुरीने प्रत्येकावर एक चीर देतात. इटलीत लांब दांड्याच्या, तळाला छिद्रे असलेल्या लोखंडी तव्यात ते हलवीत भाजतात आणि नंतर काही वेळ फडक्यात गुंडाळून ठेवतात. त्या वाफेने आतील तुरट साल सैल होते व गरम असतानाच ती सोलून निघते. थंड झाल्यावर ती चिकटून बसते. चीनमध्ये, जेथे आज जगातील सर्वांत जास्त चेस्टनट पिकतात, मोठ्या कढईत काळसर जाड वाळू व साखरेचा पाक घालून त्यात ते परततात. वाळूमुळे उष्णता चोहोबाजूंनी सारखी लागते. आपला भडभुंजा फुटाणे भाजताना हेच तत्त्व वापरतो. जपानात चेस्टनट सोलून भाताबरोबर शिजवितात. साखरेच्या पाकात मुरवून केलेली फ्रान्समधील महागडी मिठाई ही श्रीमंतांची गोष्ट, तिच्यात येथे शिरण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष चेस्टनट वर्गात आणणे बहुतेक शाळांना शक्य नाही. परंतु त्याचा जवळचा प्रतिनिधी कोकणात व घाटमाथ्यावर घरोघरी असतो, तो म्हणजे फणसाची आठळी. झाडांची कुळे भिन्न असली, तरी अन्न म्हणून दोहोंची जात एक. शंभर ग्रॅम ताज्या आठळीच्या गरात स्निग्धांश अर्ध्या ग्रॅमाहून कमी, पिष्टमय पदार्थ सुमारे २६ ग्रॅम आणि प्रथिने सुमारे साडेसहा ग्रॅम असतात. पाणी अधिक असूनही प्रथिनांत ती भाजलेल्या चेस्टनटच्या दुप्पट भरते. असे असता गरे खाऊन आठळ्या उकिरड्यावर टाकल्या जातात, आणि त्याच घरातील मूल जून महिन्यात अर्धपोटी शाळेत येते, हे दृश्य अपरिचित नाही. अळूच्या भाजीत किंवा आमटीत आठळ्या घालण्याची चाल जुनी आहे. लाल मातीत घालून त्या पावसाळ्यापर्यंत राखणारी घरेही आहेत.

शाळा उघडताच, आठळ्या सहज मिळतात तोवर, हा पाठ घ्यावा. दहा आठळ्या मुलांकडून मोजून व तोलून घ्याव्यात, त्यांचे पांढरे सालपट चिरावे आणि झाकण ठेवलेल्या जाड तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा तोलाव्यात. वजनात पडलेला फरक फळ्यावर लिहून तो कोठे गेला हे मुलांना विचारावे. कच्च्या आठळीत प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारा घटक असतो व तो उष्णतेने निष्प्रभ होतो, म्हणून कच्ची आठळी कोणालाही चघळू देऊ नये. भाजलेल्याही एका वेळी दोन-तीनच द्याव्यात, अधिक खाल्ल्यास पोट फुगते. पहिलीच्या मुलांना त्या कुस्करूनच द्याव्यात, नाहीतर घशात अडकण्याची भीती असते. तव्यावरील आठळ्या काढण्याचे काम मात्र शिक्षकाने स्वतःच चिमट्याने करावे.