जुन्या जीपगाडीचा गंजलेला पुढील ॲक्सल : तपासणी, दुरुस्ती व राखण

बी, खत, कीड व बाजारभाव यांविषयीं शेतकरी बंधूंस वाचावयास पुष्कळ मिळतें. गोठ्याच्या कडेस उभ्या असलेल्या जुन्या जीपगाडीविषयीं मात्र क्वचितच कोणी लिहितो. आपल्या परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत पावसाळा लागला म्हणजे शेताकडील पाणंदींची जी दशा होते, ती सर्वांस ठाऊक आहे. जेथें इतर मोटारी फाट्यावर सोडून द्याव्या लागतात, तेथें चारही चाकांस जोर मिळणारी ही गाडी खताचीं पोतीं, फवारणीचें सामान व वेळप्रसंगीं आजारी माणूस घेऊन जाते. म्हणून कांहीं घरांतून वडिलांच्या वेळची जीप अजून राखलेली असते. परंतु तिचा पुढील ॲक्सल एकदां गंजला म्हणजे मालकाचा पैसा, वेळ व धीर तिन्ही संपूं लागतात. त्या कामाचा क्रम कसा असावा, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आम्ही कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हे; महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. परंतु जिंतूर तालुक्यांतील एका परिचित शेतकऱ्याच्या जीपचें काम चालू असतां तें आम्हीं जवळ बसून पाहिलें, आणि संवयीप्रमाणें रोजच्या रोज वहींत टिपून ठेविलें. पुढील मजकूर बव्हंशीं त्या वहीवरून व जाणत्या कारागिरांस विचारून लिहिला आहे.

गाडीची घडण

जीप ही मूळची दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन सैन्याची गाडी. विलीज कंपनीची सीजे-३बी नांवाची उंच बॉनेटची जीप १९५३ सालीं निघाली. अमेरिकेंत ती १९६८ सालीं बंद झाली. आपल्याकडे मात्र महिंद्र कंपनीनें तीच घडण पुढें अनेक वर्षें चालू ठेविली. हा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, या जुन्या गाड्यांचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत, आणि पुढील ॲक्सलाचीं टोकें बंद गोळ्याच्या पद्धतीचीं आहेत. या दोन गोष्टी ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळसा त्रास ओढवतो.

बैलगाडीचा आंस एका जागीं स्थिर असतो व चाक त्याभोंवतीं फिरतें. जीपच्या पुढील चाकास मात्र भार वाहणें, दोन्ही बाजूंस वळणें व इंजिनाचा जोर घेऊन गाडी ओढणें, अशीं तीन कामें एकाच वेळीं करावयाचीं असतात. याकरितां ॲक्सलाच्या प्रत्येक टोकास एक पोकळ लोखंडी गोळा असतो. गोळ्याच्या आंत फिरत्या शाफ्टाचा सांधा ग्रीसमध्यें असतो. गोळ्याच्या बाहेरून नकल नांवाचा भाग बसविलेला असून तो वर व खालीं असलेल्या दोन किंग पिनांवर वळतो. नकल वळतांना त्याच्या मागील बाजूचें सील गोळ्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून घासत जातें. आंतील ग्रीस आंत व बाहेरील चिखल बाहेर ठेवावा, हें त्या सीलाचें काम.

गंज कोठून येतो

लोखंडास गंज चढण्यास हवा व पाणी दोन्ही लागतात. काळी माती बारीक व चिकट असल्यामुळें ती गोळ्यास व स्प्रिंगच्या बैठकीस लिंपली जाते, आणि वरून वाळलेली दिसली तरी लोखंडाशीं चिकटलेला थर पुष्कळ दिवस ओला राहतो. गाडी गोठ्यांत जनावरांच्या मूत्राच्या ओलींत उभी राहिली, किंवा तिच्यांतून पालाशयुक्त खताचीं फाटकीं पोतीं वाहिलीं, तर गंज अधिक त्वरेनें वाढतो. कारण म्युरेट ऑफ पोटॅश हा मिठाच्याच जातीचा क्षार आहे.

दुसरें कारण पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. ॲक्सलाच्या हौजिंगवर हवा जाण्यायेण्याकरितां एक लहान तोंड असतें, त्यास ब्रीदर म्हणतात. तें चिखलानें बुजलें आणि तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यांत उतरली, म्हणजे हौजिंग एकदम थंड होतें, आंतील हवा आकुंचन पावते व सीलांच्या फटींतून पाणी आंत ओढलें जातें. हें पाणी तेलाखालीं बसून राहतें व आंतल्या आंत बेरिंगें खातें.

सील तीनदां बदललें, गळती राहिलीच

वर उल्लेखिलेल्या जीपच्या उजव्या गोळ्याशीं ग्रीस गळत होतें. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तीन वेळां सील बदललें. प्रत्येक वेळीं महिना-दीड महिन्यांत गळती पुन्हां सुरू झाली. कारागीर म्हणे सील नकली, दुकानदार म्हणे बसविणाऱ्याचा हात कच्चा. मालक दोघांसही पैसे देऊन थकला. चौथ्या वेळीं गोळा रॉकेलनें स्वच्छ पुसून उन्हांत पाहिला, तेव्हां त्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले. त्या खड्ड्यांच्या कडा सीलाची धार कानशीप्रमाणें घासून टाकीत होत्या. तेथें कोणतेंही नवें सील टिकलें नसतें. दरम्यान आंत शिरलेल्या पाण्यानें किंग पिनांचीं बेरिंगें खाल्लीं होतीं. हबमधील सीलही जाऊन ग्रीस ब्रेकच्या लायनिंगवर पसरलें होतें, त्यामुळें ब्रेक दाबतांच गाडी एका अंगास ओढत असे. याच गाडींतून घरचीं मुलें रोज शाळेस जात होतीं.

यावरून या कामाचें मुख्य सूत्र निघतें. एखादा भाग खराब दिसला, तर तो बदलण्यापूर्वीं कशामुळें खराब झाला तें शोधावें. क्रमानें केलेलें काम एकदां करावें लागतें. क्रम सोडून केलेलें दरसाल करावें लागतें.

खोलण्यापूर्वीं पंचनामा

आमच्या खात्यांत पंचनाम्यावांचून नुकसानीचा कागद पुढें सरकत नसे. गाडीसही तोच नियम लावावा. गाडी सपाट व कठीण जागीं उभी करून पुढील गोष्टी पाहाव्या व वहींत लिहाव्या.

१. चाक जमिनीवरून उचलून वर व खालीं धरून हालवावें. हालत असल्यास दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरावयास सांगून पुन्हां हालवावें. हालणें थांबलें तर दोष चाकाच्या बेरिंगांत आहे. तरीही हालत राहिलें तर तो किंग पिनांत आहे.

२. चाकें जमिनीवर टेकवून एकानें स्टिअरिंग थोडें थोडें दोन्ही बाजूंस फिरवावें, व दुसऱ्यानें टाय रॉडच्या टोकांवर हात ठेवून पाहावें. टोकांत खुळखुळ लागल्यास तें टोक बदलावें.

३. हौजिंगचें खालचें बूच हळू सैल करावें. तेलाच्या आधीं पाणी आलें, किंवा तेल ताकासारखें पांढरट दिसलें, तर आंतील सर्व बेरिंगें तपासल्याशिवाय गाडी पुन्हां जोडूं नये.

४. हौजिंग तारेच्या ब्रशानें घासावें व स्प्रिंगच्या बैठकीजवळ लहान हातोडीनें ठोकून पाहावें. खपल्या निघून खालीं घट्ट लोखंड लागलें तर तें राखण्याजोगें आहे. तडा गेला असेल किंवा भोंक पडलें असेल तर हौजिंगच बदलावें.

यानंतर लागणाऱ्या भागांची यादी व किंमत काढावी, आणि मगच दुरुस्ती करावयाची कीं नाहीं तें ठरवावें. गाडी खोलल्यावर हिशेब करणारा मनुष्य अर्ध्यावर थांबूं शकत नाहीं. जुना भाग नमुन्यास बरोबर न्यावा. बेरिंगच्या कडेवर त्याचा क्रमांक कोरलेला असतो, तो उतरून घ्यावा. परभणीस भाग न मिळाल्यास नांदेड किंवा हैदराबाद गांठावें लागतें. एका चुकीच्या सीलापायीं दोन खेपा झाल्या तर प्रवासखर्चच सीलाहून अधिक होतो.

न सुटणारे नट

गंज हा मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून गंजलेला नट आट्यांत फुगून बसतो. त्यावर नुसता जोर केल्यानें बोल्ट तुटतो. आट्यांवरील माती ब्रशानें काढावी. गंज सोडविणारें तेल, तें नसल्यास डिझेल, सकाळ-संध्याकाळ दोन दिवस सोडावें, व मधून नटाच्या कडेस हातोडीचे हलके ठोके द्यावे. नट आधीं किंचित आवळून पाहावा व मग सोडवावा.

पान्याचें माप नीट पाहावें. अर्ध्या इंचाच्या डोक्यास १३ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो. परंतु अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, आणि तेवढी ढिलाई गंजलेल्या नटाचे कोपरे झिजवावयास पुरते. नऊ-सोळांश इंच म्हणजे सुमारें १४.३ मिलिमीटर, तेथें १४ चा पाना शिरत नाहीं व १५ चा सरकतो. याकरितां इंची पान्यांचा एक संच घरीं असावा. तसेंच कांहीं जुन्या जीपांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांस उलटे आटे असतात. हें ठाऊक नसल्यामुळें सोडवावयाच्या दिशेनें म्हणून जोर करून स्टड तोडल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत.

गॅसची ज्योत हा शेवटचा उपाय. रबरी नळी, सील, ग्रीस किंवा सांडलेलें तेल जवळ असतां ती वापरूं नये. स्प्रिंग, टाय रॉड व स्टिअरिंगचे हात यांस ज्योत मुळींच लावूं नये. त्यानें पोलादाचें पाणी उतरतें.

दुरुस्तीचा क्रम

काळ्या जमिनींत जॅक खचतो. त्याखालीं जाड फळी किंवा फरशी घालावी, मागील चाकांस दगड लावावे, आणि गाडी भक्कम घोड्यांवर टेकविल्याशिवाय तिच्या खालीं कोणीही शिरूं नये. ब्रेकच्या जुन्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें. म्हणून तेथील धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी.

डाव्या व उजव्या बाजूचे भाग निरनिराळ्या घमेल्यांत ठेवावे. किंग पिनांखालीं पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांस शिम म्हणतात. कोणत्या बाजूच्या वर किती व खालीं किती होत्या, तें लिहून त्या निरनिराळ्या चिंधींत बांधाव्या.

प्रथम गोळा घ्यावा. तो रॉकेलनें धुऊन बारीक पॉलिश कागदानें घासावा. खड्डे उथळ असल्यास धातुमिश्रित इपॉक्सी पुट्टी भरून, ती पुरती वाळल्यावर गोळ्याच्या गोलाईप्रमाणें गुळगुळीत करावी. नखास खांच लागेनाशी झाली म्हणजे काम झालें. खड्डे खोल असल्यास ते टोक बदलावें.

त्यानंतर किंग पिनांचीं बेरिंगें त्यांच्या वाट्यांसह नवीं घालावीं. जुन्या वाटींत नवें बेरिंग टिकत नाहीं. सील बसविण्यापूर्वीं नकल ताणकाट्यानें ओढून पाहावें, व गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला ताण येईपर्यंत शिम कमी-अधिक करावे. मग सील, हब व चाक या क्रमानें जोडणी करावी. चाकाच्या बेरिंगचा नट चाक जड फिरेपर्यंत आवळून मग सुमारें एक-षष्ठांश फेरा मागें घ्यावा. चाक मोकळें फिरावें पण हालूं नये. सर्वांत शेवटीं टाय रॉडनें चाकांचा मेळ घालावा. चाकांमधील अंतर मागल्यापेक्षां पुढल्या बाजूस सुमारें एक-सोळांश इंच कमी असावें. स्टिअरिंग थरथरूं लागलें कीं लोक आधीं हा मेळ बदलूं पाहतात. परंतु किंग पिन ढिला असेपर्यंत त्याचा उपयोग होत नाहीं.

टाय रॉड, त्याचीं टोकें किंवा स्टिअरिंगचा हात तुटल्यास तो वेल्डिंगनें जोडूं नये. गांवचा कारागीर भरंवसा देतो, खर्चही थोडा येतो; परंतु तो सांधा भरल्या गाडींत उतारावर तुटला तर स्टिअरिंग हातांत असून चाकें ऐकत नाहींत. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असून पुढें ती ५-५ वर्षांकरितां नवी करावी लागते. ज्यास नोंदणी टिकवावयाची आहे त्यानें स्टिअरिंग व ब्रेक यांत काटकसर करूं नये. रंग व गाद्या मागाहून कराव्या.

राखण

पावसाळ्यांत गाडी घरीं आली म्हणजे गोळे व स्प्रिंगच्या बैठकी त्याच दिवशीं पाण्यानें धुवाव्या. गोळ्यास ग्रीसचा पातळ हात द्यावा. त्यास रंग लावूं नये, कारण रंगाचे पापुद्रे सीलांत अडकतात. हौजिंगवरील गंज मात्र खरवडून, लोखंड पुरतें कोरडें झाल्यावर, रेड ऑक्साइडचा हात द्यावा. ब्रीदर दर महिन्यास काढून फुंकून पाहावा. महिन्यांतून एकदां मऊ मातीच्या वाटेवर पुढील चाकांस जोर देऊन गाडी थोडी चालवावी, म्हणजे आंतील सांध्यास सर्वत्र ग्रीस लागतें. डांबरी रस्त्यावर असें करूं नये. तेथें सांध्यांवर फुकट ताण येतो. गाडी गोठ्यापासून दूर, फरशीवर किंवा मुरमावर उभी करावी.

काम कधीं काढावें, हेंही सांगणें अवश्य आहे. रब्बीची ज्वारी घरांत आल्यावर पंचनामा करावा, चैत्रांत भाग जमवावे, वैशाखांत गाडी खोलावी आणि रोहिणी निघण्यापूर्वीं ती चाकांवर उभी असावी. सर्व भाग हातीं येण्यापूर्वीं खोललेली गाडी मृगांत पेरणीच्या वेळीं तशीच पडून राहते, आणि उघड्या बेरिंगांस नवा गंज चढतो. जिंतूरकडील त्या जीपचें काम याच क्रमानें पुरें झाल्यावर पुढील पावसाळ्याअखेर आम्हीं तिचा उजवा गोळा पुसून पाहिला, तेव्हां फडक्यास माती लागली, ग्रीस लागलें नाहीं. ज्या बंधूंनीं असें काम करविलें असेल, त्यांनीं आपला अनुभव व झालेला खर्च संस्थेकडे अवश्य लिहून पाठवावा.